तिसऱ्या माळ्यावरचा पुकारा

सेंट्रिंगवाल्याला, म्हणजे काँक्रीट ओतायला फळ्यांचा साचा बांधणाऱ्याला, कोणी उद्घाटनाला बोलावत नाही. कॉलम उभे राहिले, स्लॅब पडले, फळ्या उतरल्या की त्याचं काम संपतं. मग खिडक्या बसवणारे येतात, दारंवाले येतात, काचवाले, विजेवाले, आणि सगळ्यात शेवटी फीत कापणारे. तोवर सेंट्रिंगवाला आपल्या टेकूच्या बल्ल्या टेम्पोत भरून दुसऱ्या खड्ड्याकडे गेलेला असतो. स्वतः बांधलेली इमारत पुरी झाल्यावर कशी दिसते, हे त्याला माहीतच नसतं. आमच्या घराचं वाटोळं एवढ्या एका गोष्टीनं झालं. हे मी इतकी वर्षं कुठे लिहिलं नव्हतं, कारण लिहायचं तर पुढचंही लिहावं लागतं, आणि पुढचं माझ्यावर येतं.

आमचं घर किन्हवलीपासून थोडं आत. पावसाळ्यात भात लावायचं, दिवाळीनंतर ते झोडून कणगीत भरायचं, आणि मग बाबा शहरात सेंट्रिंगच्या कामावर जायचे ते होळीपर्यंत. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी. रविवारी सकाळी आम्हाला जाग यायची ती करवतीला कानस लावल्याच्या आवाजानं. अंगावर काटा आणणारा आवाज, पण आम्हाला त्याची इतकी सवय की ज्या रविवारी तो आला नाही, त्या रविवारी आई उठून बघायची, बरं आहे ना म्हणून. चुलीवर तांदळाची भाकरी फुगत असायची, निखाऱ्यावर सुका बोंबील, आणि पडवीत बाबा मांडी घालून करवतीचा एकेक दात तासत बसलेले. बाबा तसे अबोल. पण कामाविषयी बोलायला लागले की भाकरी ताटात वाळून जायची.

ते जिल्ह्याचं नवं कोर्ट बांधायला लागले तेव्हा मी सहावीत होते. पुढचे तीन हिवाळे त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. त्या इमारतीला गिलावाच द्यायचा नव्हता. जसा माल ओतला तशीच भिंत ठेवायची, उघडी, करडी. गावात कुणाला हे खरं वाटेना. "सरकारचे पैसे संपले काय रे गिलाव्याला?" म्हणून शेजारचे तात्या खो खो हसायचे. बाबांनाही पहिल्यांदा लाजच वाटली होती. त्यांनी सवयीप्रमाणे फळ्यांना रंधा मारून त्या गुळगुळीत केल्या, तर जाड भिंगांच्या चष्म्याचा आर्किटेक्ट साहेब येऊन ओरडला. रंधा मारायचा नाही. फळी जशी आहे तशी लावायची, तिच्या रेघा, तिच्या गाठी, सगळं भिंतीवर उमटलं पाहिजे. बाबा त्या दिवशी घरी येऊन आईला म्हणाले, "येडा हाय तो. लाकडाची साल कुणी भितीवर दावतो काय?" पण महिन्याभरात त्यांना त्या वेडाची लागण झाली. ते फळ्या निवडायला लागले. कुठली फळी कुठे लावली तर रेघा कशा वाहतील, याचा विचार करायला लागले. एका फळीला मोठी गाठ होती, डोळ्यासारखी. ती त्यांनी आठवडाभर बाजूला काढून ठेवली आणि दर्शनी भिंतीला, माणसाच्या छातीच्या उंचीवर लावली. फळ्या उतरल्या तेव्हा साहेबानं त्या डोळ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "ही कुणी लावली?" बाबांना आयुष्यात कुणा शिकलेल्या माणसानं विचारलेला तो एकच कौतुकाचा प्रश्न. आम्ही तो शंभरदा ऐकला.

आणि दुसरी गोष्ट आवाजाची. ती इमारत खांबांवर उभी होती, खालचा मजला सगळा मोकळा. मधोमध चौक, थेट आभाळापर्यंत, आणि त्याच्या चारी बाजूंनी माळे. बाबा खालून ओरडायचे, "ओ वरचं! दोन बल्ल्या सोडा!" आणि तिसऱ्या माळ्यावरून उत्तर यायचं ते कानाशी बोलल्यासारखं. "तिसऱ्या माल्यावर कोन खोकला तरी खाली आयकू येतं," बाबा सांगायचे. "साहेबानं मुद्दाम तसं केलंय. गरीब मानूस खाली बसंल, त्याला पुकारा आयकू आला पायजे." साहेबाच्या मनात असलं काही होतं की नाही, देव जाणे. बाबांच्या मनात होतं एवढं खरं.

जनाआत्या ही बाबांची धाकटी बहीण. वैशाखऱ्याला दिली होती. मुलगी झाल्यावर पुन्हा दिवस राहिले नाहीत, म्हणून सहा वर्षांनी नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं, आणि बेबीला ठेवून घेतलं. आत्या आमच्याकडे आली ती अंगावरच्या लुगड्यानिशी. दिवसभर काम करायची, आईला हात लावू द्यायची नाही. पण संध्याकाळी अंगणात कुणाची पोर आईला हाक मारायची तेव्हा हिचं काम थांबायचं. हातातलं सूप तसंच हातात. "माझी बेबी आता जेवली आसंल काय गो कुसुम?" एवढंच मला विचारायची.

बाबांनी वकील केला. आधी तालुक्याच्या कोर्टात दोन-तीन खेपा झाल्या. ते जुनं कौलारू कोर्ट होतं. बायामाणसं बाहेर चिंचेखाली बसायची, शिपाई पडवीत येऊन घसा ताणून तीनदा नाव पुकारायचा, आणि चिंचेखालचं माणूस पदर झटकून उठायचं. आम्हाला कोर्ट म्हणजे एवढंच माहीत. मग वकील म्हणाले, मुलीच्या ताब्याचं काम जिल्ह्याला चालेल. बाबांचा चेहरा उजळला. "आपल्याच कोर्टात," ते म्हणाले. अगदी असंच म्हणाले, आपल्याच.

तारखा पडत गेल्या. पहिल्या दोन नुसत्या कागदांच्या होत्या, वकीलच जाऊन आले. तिसऱ्या तारखेला मात्र न्यायाधीशांनी नवऱ्याला मुलीसह हजर राहायला सांगितलं होतं. वकिलांनी आत्याला बजावलं, त्या दिवशी तू पाहिजेस, मुलीला तुझ्यासमोर विचारतील. मला अकरावीचे तास बुडवून बरोबर घेतलं, कारण पाटी वाचायला कुणीतरी हवं होतं. पहाटे उठून आत्यानं पानग्या केल्या. तांदळाचं पीठ, गूळ, ओलं खोबरं, केळीच्या पानात थापून तव्यावर भाजलेल्या. बेबीला फार आवडायच्या म्हणे. फडक्यात बांधून ते गाठोडं तिनं आसनगावपर्यंत एसटीत आणि पुढं आगगाडीत मांडीवरून खाली ठेवलं नाही. दीड वर्ष तिनं लेकीला पाहिलं नव्हतं.

कोर्टापाशी पोचलो तेव्हा बाबा जरा थबकले. इमारत पुरी झाल्यावर ते पहिल्यांदाच बघत होते. खाली फरशी बसली होती, झाडांच्या कुंड्या होत्या, दारावर पोलीस होता. बाबांनी पायऱ्यांपाशी वहाणा काढल्या. पोलीस म्हणाला, "ओ, घाला त्या, देऊळ नाही हे." बाबांनी घातल्या, पण बिचकतच. वकील भेटले, घाईत होते, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दुसरं काम होतं. "तिसऱ्या मजल्यावर या, दारापाशी थांबा, मी येतोच," असं म्हणून ते गेले. आम्ही जायला निघालो तर बाबांनी थांबवलं. "वर बसायाला जागा नाय. कठड्याला टेकून उभी राहशील दिवसभर? हितं बस. पुकारा खाली आयकू येतो. मी सांगतो ना, मी बांधलंय." आत्या बसली. बाबांनी बांधलंय म्हटल्यावर आम्ही कोण बोलणार?

तासभर गेला. मला तहान लागली म्हणून मी वर गेले. खरं सांगायचं तर तहान निमित्त होती, मला ते कोर्ट आतून बघायचं होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि चौकाकडे वळले, तर समोर काच. चौकाच्या चारी बाजूंनी, फरशीपासून वरपर्यंत, काच बसवलेली. मी कपाळ टेकवून खाली बघितलं. खाली आत्याचं हिरवं लुगडं दिसत होतं, बाबांचा पांढरा सदरा दिसत होता. बाबा हातवारे करून काही सांगत होते. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. एवढ्यात मागं एका खोलीचं दार वीतभर उघडलं, शिपायानं डोकं बाहेर काढलं, कुणाचं तरी नाव, शेजारच्याला साखर मागावी इतक्या हळू, तीनदा घेतलं आणि दार लावून घेतलं. तिथल्या एका कारकुनाला मी विचारलं, ही काच कशाला? तो म्हणाला, "जजसाहेबांना खालच्या आवाजाचा त्रास होतो."

मी धावत खाली आले. हे मला नक्की आठवतं, मी धावत आले. जिन्यात ठरवत होते की बाबांना काय सांगायचं. खाली येऊन बघते तर बाबा दर्शनी भिंतीपाशी आत्याला घेऊन उभे होते. त्यांचा तळवा त्या गाठीवर होता. आत्या, जी दीड वर्षात हसली नव्हती, ती किंचित हसत होती. "आली काय कुसुम? हिकडं ये, हात लाव. हाच तो डोला." मी हात लावला. भिंत गार होती आणि लाकडाच्या रेघा बोटांना लागत होत्या. बाबा ती आठवडाभर बाजूला ठेवलेल्या फळीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले. साहेब कसा आला, कसा थांबला, काय म्हणाला. आजूबाजूची दोन माणसंही ऐकायला थांबली. त्या परक्या शहरात, त्या पोलिसासमोर, बाबा पहिल्यांदा ताठ उभे होते. मला वाटलं, गोष्ट संपू दे. आत्ताच 'बाबा, तुमचं चुकलं, इथून काही ऐकू येत नाही,' असं चारचौघांत म्हणायचं? आत्यासमोर? गोष्ट संपली की सांगू.

पाच मिनिटं. फार तर दहा. गोष्ट संपल्यावर मी एवढंच म्हटलं, "बाबा, वर जाऊन उभं राहूया का?" काचेचं नाव काढलं नाही. बाबा म्हणाले, "बस गो. आवाज येल." आणि मी बसले.

आत्यानंच पहिल्यांदा पाहिलं. मागच्या जिन्यानं तिचा नवरा उतरत होता, बरोबर त्याची आई, आणि म्हातारीच्या बोटाला धरून लाल झग्यातली बेबी. ती उंच झाली होती. आत्या "बेबे!" म्हणून किंचाळली आणि गाठोडं तसंच टाकून धावली. म्हातारीनं पोरीला उचललं. फाटकाबाहेर रिक्षा उभीच होती. आत्याचा हात रिक्षाच्या मागच्या पडद्याला लागला, एवढंच. बेबी वळून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती, भीती होती. ओरडत धावून येणाऱ्या बाईला कुठलंही पोर घाबरेल.

वकील धापा टाकत खाली आले. "कुठे होतात तुम्ही? तीनदा पुकारा झाला! अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज काढून टाकला!" बाबा म्हणाले, "आवाज आला नाय साहेब." मग पुन्हा म्हणाले, "आवाज येतो हितं." बाबा चौकाच्या मधोमध गेले, मान वर केली, आणि आयुष्यभर ज्या आवाजात बल्ल्या मागितल्या त्या आवाजात ओरडले, "ओ वरचं!" वर काचेमागे काळे कोट येत-जात होते. एकानंही खाली बघितलं नाही. बाबा पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा पोलिसानं दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. कुंड्यांपाशी उभी असलेली माणसं हसत होती.

त्या आर्किटेक्टला मी पुढं अनेक वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग कळायला लागल्यावर वाटलं, त्याची काय चूक? त्यानं चौक उघडा ठेवला होता. काच नंतर बसली. ज्यांना गोरगरिबांच्या आवाजाचा त्रास होतो अशी माणसं प्रत्येक चांगल्या इमारतीत नंतर राहायला येतात. पण असल्या शहाण्या वाक्यांनी आत्याची पोर परत येत नाही.

अर्ज पुन्हा दाखल करून घ्यायला सव्वा वर्ष गेलं. तोवर नवऱ्यानं दुसरी बायको केली होती. या वेळी आम्ही सकाळी नऊपासून तिसऱ्या मजल्यावर दाराला पाठ लावून उभे होतो, बाबा सोडून. बाबा फाटकाबाहेर रस्त्यावर थांबले, आत आलेच नाहीत. न्यायाधीशांनी बेबीला आपल्या खोलीत नेऊन विचारलं. ती म्हणाली, मला आजीजवळ राहायचंय. ही बाई कोण, म्हणून विचारलं तर म्हणाली, "म्हाईत नाय." आठ वर्षांची होती. कुणी पढवलं होतं की खरंच विसरली होती, ते आत्यानं कधी विचारलं नाही. पुढं दहा-बारा वर्षांनी तिच्या लग्नाची पत्रिका सापगावच्या एका नातेवाइकाकडून आमच्याकडे आली. आईच्या नावाच्या जागी सावत्र आईचं नाव होतं. आत्यानं ती पत्रिका देवापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि गोठ्यात निघून गेली.

आत्या बाबांवर कधी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त त्यांच्याशी बोलायची थांबली. एकाच घरात, एकाच चुलीवर. "वहिनी, दादाला सांग पेज झाली." बाबा तिथंच दोन हातांवर बसलेले असायचे. आई सांगायची, "पेज झाली म्हनतात." पेला आईच पुढं करायची. असं चोवीस वर्षं चाललं, आणि माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात तशी आम्हाला त्याचीही झाली. बाबांनी सेंट्रिंग सोडलं. करवत आढ्याला टांगली ती कायमची, रविवारी सकाळी कानशीचा आवाज यायचा बंद झाला. शेतीवर भागेना म्हणून आईनं कोंबड्या पाळल्या. मला डी.एड.ला पाठवलं, मी शिक्षिका झाले, लग्नानंतरही याच घरात राहिले, घराला आधार झाला. लोक म्हणायचे, पोरीनं बापाचं नाव काढलं. बाबांची एक सवय मात्र शेवटपर्यंत राहिली. कुणी हाक मारली, रस्त्यावरून, शेतातून, दुसऱ्याच कुणाला का मारलेली असेना, की ते पहिल्या हाकेला उठायचे. तोंडातला घास तसाच ठेवून उठायचे. मी समोर बसलेली असायचे, आणि त्या वेळीही मी गप्प राहिले.

का सांगितलं नाही? आधी भीती वाटली. मग वाटलं, आता काय उपयोग? मग मी शिकलेली, कमावती, घरातली शहाणी झाले, आणि शहाण्या माणसाला आपली चूक सांगणं फार जड जातं. बाबा गेले तेव्हा मी चाळिशीची होते. सांगायला माझ्यापाशी चोवीस वर्षं होती, त्यातली प्रत्येक रात्र आणि प्रत्येक जेवण होतं. मी काही केलं नाही. इथं दुसरं काही लिहून स्वतःला सोडवण्यात अर्थ नाही.

गेल्या महिन्यात दोन तरुण पोरं दारात आली. आर्किटेक्चर शिकणारी, पाठीला पिशव्या. ते कोर्ट आता पाडायचं चाललंय, त्याआधी त्याची नोंद करताहेत म्हणे. कोण्या मुकादमाच्या नातवाकडून त्यांना बाबांचं नाव कळलं होतं. मुलीनं मोबाइलवर फोटो दाखवला. तीच भिंत, तीच गाठ, हजारो हात लागून काळी पडलेली. "हे कोणी केलं ते कुठेच लिहिलेलं नाही, आजी. आमचे सर म्हणतात, हा साधा कारागीर नव्हता." मी म्हटलं, माझे वडील. मुलीनं वहीत नाव लिहून घेतलं. इमारत वापरायला कशी होती, लोकांचा काय अनुभव होता, असंही तिनं विचारलं. मी म्हटलं, बरी होती. त्यांना चहा दिला, ती गेली.

आत्या पडवीत वाल सोलत बसली होती. सत्त्याहत्तर वय, कान अजून तिखट. "काय म्हनत होती ती पोरं?" तिनं विचारलं. मी सांगितलं, बाबांचं नाव विचारत होती. भिंत चांगली होती म्हणाली. आत्या बोटांनी साल काढत राहिली. आणि तेव्हा, का ते मला ठाऊक नाही, पन्नास वर्षांनी माझ्या तोंडून ते निघालं. मी वर गेले होते. काच पाहिली होती. आवाज येणार नाही हे मला माहीत होतं. मी खाली आले आणि बोलले नाही, कारण बाबा गोष्ट सांगत होते.

मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, उठून जाईल. मी त्याला तयार होते. खरं तर मला तेच हवं होतं. आत्यानं हातातला वाल वाटीत टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"माझा जाऊ दे गो," ती म्हणाली. "माझी पोर गेलीच हुती. पन तो जिता हुता. त्याला सांगायचास ना."

मग तिनं वाटी पुढं ओढली आणि पुन्हा सोलायला लागली. मीही समोर बसून मूठभर वाल घेतले. त्या दिवसापासून तिला काही हवं असलं की ती माझ्या सुनेला हाक मारते आणि म्हणते, कुसुमला सांग.